हवं होतं

पाववाल्या बाईने कागदात गुंडाळलेला पाव पुढे केला, तेव्हाच मावशींना दिसलं की तो खालून पार करपलेला आहे. त्यांनी बोट दाखवलं होतं ते शेजारच्या टोपलीतल्या बदामी पावाकडे. पण मागे रांग होती, बाई घाईत होती, आणि मावशींच्या पदरी स्पॅनिश म्हणाल तर आभार मानण्यापुरतं. ते त्यांनी मानले आणि करपलेला पाव घेऊन घरी आल्या. लेकीने पाव उलटा करून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“असला कसा घेतलास गं?”

“चालेल. करपलेलं मी खाते.”

हे ‘चालेल’ त्यांच्या तोंडात इतकं मुरलेलं होतं की माहेरी त्यांना ‘चालेलबाई’च म्हणत. थोरलीचा उतरलेला फ्रॉक चालेल, दाराजवळचं अंथरूण चालेल. लग्न ठरताना मुलगा पसंत आहे का, असं चुकून कुणी विचारलं तेव्हाही त्या चालेल म्हणाल्या होत्या. नशिबाने नवरा खरोखरच चालण्यासारखा निघाला. फार लवकर गेला, एवढंच.

कामावर मात्र त्यांना काहीही चालत नसे. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्या कवळ्या बनवायच्या. मेणाच्या हिरडीवर दात बसवताना एखादा केसभर तिरका वाटला तरी उपटून पुन्हा लावायच्या. म्हाताऱ्या माणसाला लग्नातल्या नवरदेवासारखे पांढरेशुभ्र दात लावायचे नाहीत, यावरून त्या डॉक्टरांशीही भांडायच्या. आजूबाजूची सगळी त्यांना दातवाल्या मावशी म्हणायची. पुढे डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला आणि त्याच सुमारास इकडे परमुलखात लेक बाळंत झाली. मावशी आल्या, नातीला तळहातावर वाढवलं, आणि परतीचा विषय आपोआपच मागे पडला.

लेकीची रजा संपत आली तशी तिने सगळं ठरवूनच टाकलं. आईने आता कायमचं इथेच राहायचं. मागची खोली तिची, आणि दिवसभर नात तिच्याकडे. “पुरे झाले आता ते दात, आई. आराम कर,” ती म्हणाली. रांगणाऱ्या पोरीच्या मागे दिवसभर पळण्याला आराम म्हणत नाहीत, हे तिच्या ध्यानात आलं नाही, आणि मावशींनीही आणून दिलं नाही. परक्या बाईच्या हाती तान्हं पोर सोपवायचं या विचाराने लेकीची झोप उडालेली त्या पाहत होत्या. त्या चालेल म्हणाल्या. पण त्या रात्री त्यांनी ट्रंकेच्या तळातून आपली मेण कोरायची सुरी काढली, अंगठ्याने तिचं पातं चाचपलं आणि पुन्हा गुंडाळून ठेवली.

त्यांना भाषेच्या वर्गात घातलं ते जावयाने. जावई इथलाच. मराठी त्याला चार शब्दांपलीकडे येत नसे, पण सासूबाई दिवसेंदिवस मुक्या होत चालल्यात हे ओळखायला त्याला भाषा लागली नाही. वर्ग वाचनालयाच्या एका बाजूच्या खोलीत भरायचा. कुणी हमाल, कुणी मोलकरीण, कुणी नुकती लग्न होऊन आलेली. शिकवणारे मास्तर हे जन्मभर न्हावीकाम केलेले गृहस्थ. दुकान मुलाच्या हवाली करून आता हौसेने शिकवायचे.

त्या दिवशीचा धडा मागण्याचा होता. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, ‘किएरो’. म्हणजे मला पाहिजे. शब्द बरोबर आहे, ते म्हणाले, घरात बिनधास्त वापरा, पण अनोळखी दुकानदारासमोर नुसताच आदळलात तर त्याच्या कपाळावर आठी उमटेल. त्यापेक्षा ‘मे दा’ म्हणा, मला देता का? मावशींना हसू फुटलं. ‘दा’ म्हणजे आपलं ‘द्या’च की. आणि ज्या पावाने त्यांचा घात केला होता त्याला इथे ‘पान’ म्हणतात, हे कळल्यावर तर त्या तोंडाला पदर लावून हसल्या. पान मागायचं आणि पाव घ्यायचा.

मग मास्तरांनी पुढचा शब्द लिहिला, ‘केरीआ’. हा भूतकाळ, ते म्हणाले, पण मागायचं असतं आत्ता. वर्ग गोंधळला. एका हमालाने विचारलं, काल पाहिजे होतं तर आज कशाला मागायचं? मास्तर हातवारे करून दमले. मावशींना मात्र ते एका क्षणात लख्ख समजलं. शेजारणीच्या दारात वाटी घेऊन उभं राहिलं की आपण काय म्हणतो? जरा साखर हवी होती. हवी असते आत्ताच, चहा तिकडे उकळत असतो, पण म्हणायचं ‘होती’. म्हणजे समोरच्याच्या अंगावर ओझं पडत नाही. नसली साखर, तर तिला नाही म्हणायला जागा राहते. आयुष्यभर त्या असंच बोलत आल्या होत्या, आणि त्याला व्याकरण असतं हे त्यांना आज कळलं.

घरी जाताना तोच शब्द त्यांच्या डोक्यात घोळत राहिला, आणि हळूहळू त्याची चव बदलली. शेजारीण ‘होती’ ऐकून साखर द्यायची. पण त्यांच्या स्वतःच्या किती गोष्टी नुसत्याच ‘हवी होती’ होऊन मागे राहिल्या. कारण त्या वाटी घेऊन कुणाच्या दारात उभ्याच राहिल्या नव्हत्या.

मास्तरांनी घरचा अभ्यास दिला होता तो असा, की रोज एका खऱ्या माणसाकडे एक खरी गोष्ट मागायची. ‘काहीही’ चालणार नाही, आपल्याला खरंच हवी असलेली. “काहीही कापा म्हणणारं गिऱ्हाईक सगळ्यात वाईट,” ते म्हणाले. “नंतर आरशासमोर तेच रडतं.”

दुसऱ्या दिवशी मावशी पाववाल्या बाईसमोर उभ्या राहिल्या. “मे दा पान?” एवढं म्हणून झालं, मग बदामी टोपलीकडे बोट केलं, आणि करपलेल्या पावाकडे बघून ठामपणे मान हलवली. बाईने टोपलीतला नेमका चांगला पाव निवडला, आणि वर काहीतरी म्हणाली. ते त्यांना समजलं नाही, पण गोड होतं. तो पाव छातीशी धरून त्या घरी आल्या, जशा काही किल्ला सर करून आल्या.

मग त्यांना चटकच लागली. बसमध्ये खिडकी उघडायला सांगितली. भाजीवाल्याकडून कच्चे टोमॅटो बाजूला काढून घेतले. उद्यानातल्या बाकावर पाय पसरून बसलेल्या तरुणाला सरकायला लावलं, तर तो ओशाळून उठूनच उभा राहिला. मागितलं की मिळतंच असं नव्हे, काही ठिकाणी नकारही मिळाला. पण नकाराने माणूस मरत नाही, हाही त्यांना नवाच शोध होता.

वर्गाच्या वाटेवर एक मोठ्या काचेच्या खिडकीचं दुकान होतं. आत लांब टेबल, बुन्सेन बर्नरच्या निळ्या ज्योती, प्लॅस्टरचे साचे आणि दातांच्या पट्ट्या. कवळ्यांचा कारखानाच तो. मावशी रोज तिथे रेंगाळत आणि पुढे जात. मास्तरांनी ‘किसिएरा’ शिकवला त्या दिवशी त्या पुढे गेल्या नाहीत. सगळ्यात अदबीचा शब्द हा, मास्तर म्हणाले होते. मोठी गोष्ट मागायची असेल तेव्हा वापरा.

आत मालकीण होती. ठेंगणी, चष्मा कपाळावर, कामात बुडालेली. मावशींनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “किसिएरा त्राबाखार आकी.” मला इथे काम करायचं होतं. मालकिणीने चष्मा नाकावर घेतला आणि भराभरा खूप काही विचारलं. त्यातलं अर्धंही कळलं नाही. तेव्हा मावशींनी टेबलावरच्या अर्धवट मेणाच्या कवळीकडे बोट केलं आणि म्हटलं, मे दा?

मालकिणीने खुर्ची ओढून दिली. मावशी बसल्या, टेबलावरची सुरी ज्योतीत धरली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या हातांना आपण कुठे आहोत ते कळलं. पुढचे दात बसवून झाले तेव्हा मालकिणीने साचा उजेडात फिरवून बघितला, एक दात जरा आत घ्यायला सांगितला. मावशींनी तो घेतला. मग तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर येत्या सोमवारावर बोट टेकवलं. सकाळच्या वेळात यायचं.

घरी विचारून सांगते, असं म्हणायला मावशींनी तोंड उघडलं, आणि मिटलं. सोमवारी येते, असं त्या म्हणाल्या.

सांगायचं होतं ते रविवारी. रविवारचं जेवण विहीणबाईंकडे असे. विहीणबाई खालच्या मजल्यावर एकट्याच राहायच्या. ताठ, नीटनेटक्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्याशी मावशींचं सगळं संभाषण लेकीमार्फत चाले. मावशी दोन शब्द बोलल्या की लेक दहा करायची, आणि त्यात आईचे किती आणि लेकीचे किती, हे कधी कळायचं नाही.

जेवण उरकत आलं तेव्हा विहीणबाईंनी काहीतरी विचारलं. नात आता यांच्याकडेच असणार ना, असा त्याचा अर्थ मावशींना लागला. लेकीने नेहमीप्रमाणे परस्पर उत्तर दिलं, की आईला फार आनंद झालाय.

मावशींनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “पेर्दोन,” माफ करा, त्या म्हणाल्या, आणि थेट विहीणबाईंकडे बघत पुढे म्हणाल्या, “मे गुस्तारीआ त्राबाखार.” मला काम करायला आवडेल. सोमवारपासून. दात.

दात म्हणताना त्यांनी स्वतःच्या दातावर नख वाजवलं. जावई हसला आणि लगेच गप्प झाला. लेकीचा घास हातातच राहिला.

“आई, काय बोलतेयस तू? तूच चालेल म्हणाली होतीस ना?”

“म्हटलं होतं.” मावशींचा आवाज बारीक झाला. स्पॅनिशमध्ये सोपं होतं; तिथे शब्दच आधी नम्र होऊन यायचे. मराठीत आता आडोसा नव्हता. “पण मला काम करायचंय, बाळा. पोरीवर माझा जीव आहे, तुला माहीत आहे. दुपारनंतर मी आहेच. सकाळ मला हवीय. माझी मला.”

लेकीचे डोळे भरले. सकाळी पोरगी कुणाकडे ठेवू, एवढंच ती पुटपुटली. रागापेक्षा त्यात भीतीच जास्त होती.

मग विहीणबाईंनी हातरुमालाची घडी केली, ती पुन्हा उलगडली, आणि हळूच म्हणाल्या, “किसिएरा…”

पुढचं लेकीने भाषांतर केलं, यावेळी एकही शब्द पदरचा न घालता. सकाळी पोरगी त्यांना हवी होती. पहिल्यापासूनच हवी होती. पण सुनेची आई एवढ्या लांबून आलेली, तिच्या मांडीवरून नात कशी मागायची, म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या.

मावशींना आधी कळेना, हसावं की रडावं. दोन आज्या, एका जिन्याच्या अंतरावर, एकमेकींचा मान राखत बसलेल्या. त्या उठल्या, जावयाजवळची नात घेतली, आणि विहीणबाईंच्या मांडीवर नेऊन ठेवली. विहीणबाईंचा ताठ कणा बघता बघता वाकला.

कामाची कागदपत्रं जावयाने हौसेने करून दिली. लेक काही दिवस घुम्यासारखी वावरली. मग एका सकाळी मावशींचा डबा तिने न सांगता भरून ठेवला. मावशींनी झाकण उघडून पाहिलं आणि तिलाच सांगितलं की उद्या जरा मीठ कमी घाल. लेक बघतच राहिली, आणि मग खो-खो हसत सुटली.

कारखान्यात त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. तीही मागूनच. सुरुवातीला त्यांच्याकडे डागडुजीची कामं यायची, पुढे पूर्ण कवळ्या येऊ लागल्या. एकदा एका आजीबाईंची कवळी हातात होती. मेण नुकतं मऊ झालेलं, शेवटचा दात बसायचा बाकी. तेवढ्यात काचेवर सावली पडली. मावशींनी वर पाहिलं तर बाहेर लेक उभी, सुट्टी घेतलेली असावी, बाबागाडीत नात. लेकीने काचेवर टकटक करायला हात उचलला होता.

मावशींनी तळवा वर केला. थांब.

लेकीने हात खाली घेतला. तिने बाबागाडी जरा सावलीत ओढली, भिंतीला टेकली, आणि थांबली. मावशींनी मान खाली घातली आणि दात त्याच्या जागी बसवला.