पंपाचा शेवटचा बोल्ट

पाण्याच्या पंपाच्या शेवटच्या बोल्टचं डोकं झिजून गुळगुळीत झालं होतं. पाना नुसताच गरगर फिरत होता. बोल्ट आत तुटला असता तर इंजिनच भंगारात! त्यात गाडीचा मालक विदोसाव्ह, माझ्या लेकीचा धर्मपिता, राकिया दारूचा पेला धरून तोंडाचा पट्टा चालवत होता.

"कुठल्या गाढवानं आवळलाय रे हा?"

मी झिजल्या डोक्यावर नट वेल्ड केला, गार होऊ दिला, श्वास रोखून पाना ओढला. कर्रकन आवाज झाला. दोघंही थिजलो.

बोल्ट सुटला होता.

"दे इकडे! त्या गाढवाच्या नाकात घालतो."

"घाल," मी नाक पुढे केलं. "आपल्या माणसाची गाडी म्हणून गेल्या वेळी मीच जास्त जोर यावा म्हणून पान्याला पाइप लावून आवळला होता."

त्यानं नवा बोल्ट माझ्या हातावर ठेवला.

"हा परक्याचा समजून आवळ."