एक नंबरची चिठ्ठी

मतदान सुरू झालं आणि दर मतामागे डोंगराची वाट वीस पावलं लांबू लागली. यात नवल काही नव्हतं. आमच्या स्वायत्त प्रदेशात विधानसभेची निवडणूक असली की डोंगर वाढतो, आणि वाट लांबते ती नेमकी चालणाऱ्याच्या पुढे, मागे कधीच नाही. यंदा उमेदवार दोन होते. एक म्हणत होता डोंगर वाढलाच पाहिजे. दुसरा म्हणत होता, वाढावा पण जरा सबुरीनं. दोघांच्याही सभांना टाळ्या वाजवायला तीच माणसं जात होती.

माझ्याकडे शाईचं काम होतं. मी इथल्याच शाळेचा मास्तर, त्यामुळे दर निवडणुकीला ही ड्युटी माझ्या गळ्यात पडते. बोटावर रेघ ओढायची, मतदार पडद्यामागे जातो, मशीन बीप करतं आणि वाट वीस पावलांनी वाढते. डोंगरावरच्या माथेवाडीची माणसं हे ओळखून आदल्या दिवशीच खाली पाहुण्यांकडे येऊन राहतात. माझी थोरली बहीण गजराआक्का तेवढी आली नाही. तिची गाय व्यायला झाली होती. "पहाटं निगते, येते दुपारपत्तुर," असा तिनं निरोप धाडला होता. दुपारी खिडकीतून बघितलं तर ती उतारावर चालत होती आणि तोवरच्या साठ मतांनी बाराशे पावलं मागे पडली होती.

पाच वाजता रांगेच्या शेवटच्या माणसाला एक नंबरची चिठ्ठी मिळते. चिठ्ठ्या शेवटाकडून पुढे वाटायच्या, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. त्या एक नंबरवाल्याच्या पाठीमागून आमच्या प्रदेशाची हद्द जाते, पुढची पाच वर्षं. गेल्या खेपेला भागूजीकाका रांगेतून बिडी पेटवायला जरा बाजूला झाला आणि तेवढ्यात चिठ्ठ्या वाटून झाल्या. काका अजून पलीकडे नांगरताना दिसतो. हाक मारली तर बघत नाही. काकू रोज बांधावर भाकरी ठेवते आणि संध्याकाळी तीच घरी घेऊन येते.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. आक्कानं मला कडेवर घेऊन शाळेत नेलं, आणि मी लिहायला शिकलो त्या वर्षी तिनं स्वतःची शाळा सोडली. ती पलीकडे गेलेली मला चालणार नव्हती. मी एकेका बोटावर फुंकर घालत बसलो.

केंद्राध्यक्ष उंडे सर राजधानीतून आले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "गुरुजी, बोट रंगवताय की भिंत?"

"शाई ओली राहते, सर."

"राहू द्या. पुढचा घ्या."

पाचला पाच मिनिटं असताना त्यांनी सह्या केलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला आणि शाईची बाटली स्वतःकडे ओढली. "शेवटाकडून," ते म्हणाले.

मी बाहेर आलो. रांगेत एकतीस माणसं होती. आक्का वरच्या वळणावर दिसत होती, पदर खोचलेला, चपला हातात. मी एक नंबरची चिठ्ठी काढून मुठीत धरली आणि बाकीच्या पुढून वाटायला सुरुवात केली. असं कोणी करत नाही. पुढून वाटलं की रांगेचं शेपूट उघडं राहतं.

वेणूबाई घोडे दाराशीच उभी होती. बत्तीस नंबरची चिठ्ठी तिनं उलटसुलट करून बघितली. "गुर्जी, मागनं वाटत्यात ना ओ?"

"यंदा नियम बदललाय," मी म्हणालो.

"कदी?"

"आत्ताच."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग वर वाटेकडे. आत बीप वाजला. उंडे सरांचा हात भराभर चालत होता आणि आक्का जिथे होती तिथेच चालत होती.

मी दोन नंबरपर्यंत आलो तेव्हा शेवटी एक माणूस जास्त उभा होता. पायाला नांगरटीचा चिखल. भागूजीकाका. त्याच्यामागे आणखी कोणीतरी, आणि त्याच्यामागे हद्दीपलीकडच्या शेतांतून एकेक जण येत होता. शेपूट उघडं आहे हे त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही. मतदार यादीतून त्यांची नावं कोणी काढली नव्हती. प्रत्येकाचा हक्क शाबूत होता, आणि प्रत्येकाचा एक बीप.

"बुधा," काका म्हणाला. पाच वर्षांनी त्याचा आवाज ऐकला. "मला दे चिठ्ठी."

मला त्याचा राग आला. सख्ख्या काकाचा, पाच वर्षांनी परत आलेल्या माणसाचा राग. त्याचं एक मत म्हणजे आक्काची वीस पावलं. "काका, थोडा वेळ बाजूला थांबशील?" मी विचारलं.

"मागं तेच केलं व्हतं," तो म्हणाला.

मी त्याला दोन नंबरची चिठ्ठी दिली. गठ्ठ्यात पुन्हा दोन नंबरचीच निघाली. ती मागच्याला दिली, तर खाली आणखी एक दोन नंबरची. गठ्ठा संपेना. माणसं चिठ्ठी घेऊन मुकाट्यानं पुढे सरकत होती आणि मी शेवटाच्या मागे मागे वर चढत होतो. शाळा आता खाली काडेपेटीएवढी दिसत होती. बीप मात्र कानाशी वाजल्यासारखा येत होता.

"सर, मतदान जरा थांबवा!" मी ओरडलो.

"मतदान थांबवता येत नाही," उंडे सर म्हणाले. ते आत टेबलापाशीच होते, तरी मला नीट ऐकू आलं. "एक नंबर दिलात का?"

"देतोय."

मग शेतांतून येणारी माणसं संपली. शेवटच्या बाईला मी दोन नंबरची चिठ्ठी दिली. तिच्यामागे मी, आणि माझ्यापुढे वाटेवर आक्का. दोन बीपांच्या मधे ती धावत होती. तिची टाच फुटली होती. दहा पावलं राहिली, मग पाच, मग ती हातभर अंतरावर येऊन धापा टाकत उभी राहिली. तिचा वास आला, शेणाचा आणि चिकाचा.

"कालवड झाली," ती म्हणाली. "आरं दे की."

मी मूठ उघडून चिठ्ठी पुढे केली. घामानं ती ओली झाली होती. आक्कानं दुसरं टोक धरलं आणि तेवढ्यात बीप वाजला.

आमच्यामधली वाट वीस पावलं लांब झाली. मी चिठ्ठी सोडली नाही, तिनंही सोडली नाही. कागद फाटला नाही. तोही वीस पावलं लांब झाला, आणि त्यावरचा एकचा आकडा वाटेवर आडवा ताणला गेला. मी माझं टोक मनगटाला गुंडाळलं. आक्का लहान दिसत होती, मला कडेवर घ्यायची तेव्हा असेल तेवढी.

"सोडू नगं," ती तिकडून म्हणाली.

मी मान वळवून रांग मोजली. अजून सदतीस माणसं होती. आत पुढचं नाव मोठ्यानं पुकारलं गेलं.