आत्याबाई आणि डुकरांचा गॅस

आमचा गोबरगॅस डुकरांवर चालतो. त्यांचं शेण टाकीत कुजतं, नळीतून गॅस येतो आणि माझी शेगडी पेटते. अर्धा जन्म नारळाच्या सोडणांच्या धुरात डोळे चोळल्यावर मला ही निळी ज्योत मिळाली. नवऱ्यापेक्षा माझा तिच्यावर जास्त जीव, खोटं कशाला बोलू!

आणि त्या दिवशी माझ्या नवऱ्याची, फेलेतीची, मेलेनाइते आत्या दारात उभी राहिली.

"फेलेती, शनिवारी पाद्रीबाबांना मेजवानी आहे. तुझी डुकरं नेते हं."

"सगळी?" मी म्हटलं.

"मग काय अर्धी नेऊ, लूपे? पाद्रीबाबा आहेत ते, मांजर नव्हे!"

आमच्या टोंगा बेटांवर बहिणीला भावाच्या आणि आत्याला भाच्याच्या घरातलं काहीही उचलायचा मान असतो. नाही म्हणायची सोयच नाही. फेलेतीनं मुकाट्यानं दोऱ्या बांधल्या, वर केळीचा घड दिला.

"टाकीपण द्या की उचलून!" मी फणकारले. तो खाली मान घालून हसला. असला राग आला मला!

दोन दिवसांत ज्योत विझली. पुन्हा सोडणं, पुन्हा धूर. मी रडले, आणि ते नुसतं धुरानं नव्हतं.

रडता रडता डोक्यात आलं, अगं, तूही कुणाची तरी बहीणच आहेस! तडक भावाच्या घरी गेले. बहीण-भावानं एका छताखाली बसायचं नाही असा आमचा रिवाज, म्हणून मी आत शिरले तसा तो बाहेर गेला. राहिली त्याची बायको पासिमाता, मेलेनाइते आत्याची एकुलती एक लेक.

"वहिनी, तुमची डुकरं नेते हं."

"अहो वन्सं, सगळी?"

"मग काय अर्धी नेऊ?"

संध्याकाळी आत्या आली. पुढे आमची डुकरं, मागे रडणारी लेक.

"घे बाई तुझी, आणि पोरीची सोड. पण मेजवानीला एक तरी दे. ते मोठं."

"मोठं नाही मिळायचं. तेच सगळ्यात जास्त शेण टाकतं."

आत्या छोटं घेऊन गेली. पाद्रीबाबांनी मासळीवर ताव मारला म्हणे.

रविवारी प्रार्थनेनंतर आत्या चहाला आली. शेगडीपाशी बसून ज्योतीकडे बघत राहिली.

"काय गोड जळते गं! फेलेतीच्याच घरातली ना ही?"

मी घाईघाईनं चहाचा पेला तिच्या हातात दिला.

"हो आत्या, तुमचीच. फक्त रोज सकाळी शेण हातानं कालवून टाकीत घालावं लागतं."

आत्यानं एका घोटात चहा संपवला आणि चपला शोधायला लागली.