सगळं बदललेलं, पत्रा तेवढा खरा

मी पत्रा बोलतोय. छपराचा नव्हे, डब्याचाही नव्हे. एका जुन्या पिकअप गाडीच्या दाराच्या कडेला चार रिव्हेट मारून बसवलेला, पत्त्याच्या पानाएवढा पत्रा. अंगावर ठोकून उठवलेली अक्षरं आहेत: रंग गर्द हिरवा, इंजिन सहा सिलिंडर, गिअर चार, सीट काळी, आणि शेवटी गाडीचा नंबर. शिक्षण एवढंच, पण बोलतो कसा अधिकारवाणीनं! माणसानं काही सांगितलं तर लोक दहा प्रश्न विचारतात. पत्र्यानं सांगितलं की माना डोलावतात.

माझ्या या तोऱ्यापायी एका बाईंवर मोठा अन्याय होणार होता. तो कसा, ते सांगायलाच आज तोंड उघडलंय.

माझा जन्म कारखान्याच्या शेवटच्या टेबलावर झाला. तिथे एक जाडजूड गृहस्थ बसायचे. गाडी समोर आली की चष्मा कपाळावर सरकवून ते तिला नीट न्याहाळायचे आणि एकेक ठसा ठेवून हातोडी मारायचे. माझी गाडी खरंच हिरवी होती, खरंच सहा सिलिंडरची होती. तेव्हा मी अक्षर न् अक्षर खरा होतो, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे माझ्याबद्दल बरंवाईट ऐकाल, तेव्हा एवढं लक्षात असू द्या.

ती गाडी एका लाकूडवाल्यानं घेतली. त्याला कायम घाई. एका वळणावर त्यानं गाडी अशी काही उलटवली की स्वतः धोतरात अडकलेले काटे काढत चालत घरी गेला आणि गाडी भंगारात गेली. त्यातून धड राहिलं ते फक्त ड्रायव्हरच्या बाजूचं दार, आणि दाराबरोबर मी.

भंगारात दोन वर्षं पडून होतो. एका दुपारी घामाघूम झालेला एक माणूस आला आणि दाराकडे बोट दाखवून भंगारवाल्याला म्हणाला, "हे पाहिजे. आत्ताच्या आत्ता. आणि कुठं बोलायचं नाही बरं का!"

हा बर्फवाला. त्याच्याकडे त्याच कंपनीची पिकअप होती, निळी, चार सिलिंडरची, कोरी घेतलेली. नवरा-बायको दोघं मिळून बर्फाच्या लाद्या पोचवायचे. गाडी दोघांनाही यायची, पण नवरा नाकानं कांदे सोलणारा. "आयुष्यात मी गाडीला ओरखडा उठू दिला नाही," हे वाक्य दिवसातून दोनदा तरी व्हायचंच. महिन्यापूर्वी गाडी मागे घेताना बायकोनं फाटकाचा खांब जरासा घासला, तर त्यानं पंधरा दिवस तिला उपदेश केला होता. आणि त्या दुपारी या शहाण्यानं मागे न बघता दार उघडलं आणि पाण्याचा टँकर ते दार घेऊन पुढे गेला. टँकरवाल्याला पत्ताही नाही.

आता बायकोला काय तोंड दाखवणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यानं आमचं हिरवं दार निळ्या गाडीला बसवलं आणि संध्याकाळपर्यंत त्यावर निळा रंग मारला. माझ्या तोंडावरही मारला.

"हे काय, दार रंगवलंत?" बायकोनं विचारलं.

"फिकं पडलं होतं. म्हटलं, तुझा हात सारखा लागतो, जरा छान दिसावं."

ती इतकी खूश झाली की आठवडाभर शेजारणींना बोलावून बोलावून दार दाखवत होती. तो बिचारा दर वेळी खाली मान घालून उभा असणार. मला रंगाखाली दिसत काही नव्हतं, पण त्याचं घसा खाकरणं ऐकू यायचं.

पुढे माझ्यावर रंगाचे आणखी तीन हात बसले. वर्षं गेली. बर्फवाला गेला, आणि जाईपर्यंत काही बोलला नाही. बाईंनी धंदा एकटीनं चालू ठेवला. बाजारात सगळे त्यांना बर्फवाल्या काकू म्हणतात. वय शहात्तर. पहाटे लाद्या भरायच्या, वर भुसा पसरायचा, गोणपाट टाकायचं आणि उन्हं तापायच्या आत मासळीवाले, सरबतवाले, खानावळी उरकायच्या. दार मिटताना त्या जरा वर उचलून ओढतात. तेवढ्या स्पर्शावरून मला कळायचं, आज कंबर दुखतेय की नाही.

मग जुन्या गाड्यांच्या कचेरीतून पत्र आलं. गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी असेल तर चालू ठेवा, नाहीतर मोडीत काढा. महिनाभराची मुदत.

काकूंचा मुलगा औषधांचं दुकान चालवतो. लेबल नसलेल्या बाटलीतल्या पाण्याला तो पाणीसुद्धा म्हणत नाही. त्यानं रंगकामाला एक पेंटर बोलावला आणि जुन्या गाड्यांचा एक जाणकार शोधून आणला. पांढराशुभ्र शर्ट, पांढरी विजार आणि हातात भिंग. पेंटरनं त्याला पाहताक्षणी भिंगकाका हे नाव ठेवलं, तेच मीही वापरतो.

"ही निळीच होती," काकू म्हणाल्या. "चार सिलिंडर, तीन गिअर, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, सीट तपकिरी. आम्ही कोरी घेतलीय. काय विचारायचं ते मला विचारा."

"वहिनी, असं आठवणीवर नसतं चालत," भिंगकाका गोड आवाजात म्हणाले. "पुरावा लागतो."

गाडीचं पुस्तक काढलं, तर बर्फाचं पाणी मुरून नंबराच्या पानाचा लगदा झालेला. मग त्यांनी दाराच्या कडेवरून नख फिरवलं, पेंटरला पॉलिश पेपर घासायला सांगितला, आणि पुष्कळ वर्षांनी मला उजेड दिसला. काय सांगू माझा आनंद! मी लगेच छाती फुगवून सगळं सांगून टाकलं. गर्द हिरवा, सहा सिलिंडर, चार गिअर.

शेजारी घासलं तर निळ्याखालून खरंच हिरवा निघाला. भिंगकाकांनी विजयानं सगळ्यांकडे पाहिलं.

"पण इंजिन तर चारच सिलिंडरचं आहे," पेंटर म्हणाला.

"नंतर बदललेलं."

"आणि गिअर तीनच..."

"तेही बदललेलं."

"सीट?"

"बदललेली. स्टिअरिंगसुद्धा मला संशयास्पद वाटतंय."

तासाभरात त्यांनी अख्खी गाडी बदललेली ठरवली. खरा मी एकटा! वास्तविक त्या गाडीत बदललेलं असं एकच होतं, ते दार आणि त्यावर बसलेला मी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण ठोकलेल्या अक्षरांपलीकडे मला एक अक्षर बोलता येत नाही.

"कोणी बदललं?" काकूंनी विचारलं. "अहो, सव्वीस वर्षांची होते तेव्हापासून चालवतेय मी ही. माझ्या नकळत इंजिन बदललं?"

मुलगा हळू आवाजात म्हणाला, "आई, तुला आठवत नाहीये. होतं असं वयामुळे. परवा तू चष्माही फ्रिजमध्ये ठेवला होतास." आणि त्यानं गाडीची किल्ली उचलून स्वतःच्या खिशात टाकली. "काही दिवस तू चालवू नकोस. बर्फाचंही बघू. माझ्याकडेच राहायला ये."

काकू एरवी बोलण्यात कुणाला हार जाणाऱ्या नव्हेत. त्या दिवशी मात्र त्या नुसत्याच पायरीवर बसल्या. "निळी होती रे," एवढंच म्हणाल्या, आणि तेही पहिल्यासारख्या ठामपणे नाही. त्यांना स्वतःचाच संशय यायला लागला होता. तो संशय मी घातला होता. मला माझीच लाज वाटली.

गाडी मोडीत जाऊ नये म्हणून ती माझ्यावरच्या अक्षरांबरहुकूम करून घ्यायचं मुलानं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर हिरव्या रंगाचा डबा घेऊन आला. मुलगा आणि भिंगकाका सहा सिलिंडरचं जुनं इंजिन कुठे मिळेल ते बोलत उभे होते. काकू बाहेर आल्या. डोळे सुजलेले, पण पदर खोचलेला.

"अहो तज्ज्ञ," त्या म्हणाल्या, "रात्रभर विचार केला. इंजिन बदललं, गिअर बदलले, सीट बदलली. एवढी मोठी मोठी धुडं बदलू शकतात, मग हा एवढासा पत्राच का नाही बदललेला?"

"पत्रा कसा बदलेल, वहिनी? दारावरच बसवलेला आहे."

"मग दार बदललं असेल. पेंटर, पलीकडचं दार खरवड."

पेंटरनं भिंगकाकांकडे पाहिलं नाही, मुलाकडेही नाही. थेट पलीकडे गेला आणि घासायला लागला. निळा. त्याखाली निळा. त्याखाली पुन्हा निळा, आणि मग चकचकीत लोखंड. हिरव्याचा ठिपकासुद्धा नाही.

भिंगकाका घसा खाकरायला लागले. "खाली चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, नंबर ठोकलेला असतो..."

"मग काल का नाही बघितलात?"

त्यांनी एकदा आपल्या पांढऱ्या विजारीकडे पाहिलं. मग गोणपाट मागून घेतलं आणि गाडीखाली शिरले. रॉकेलच्या बोळ्यानं चिखल आणि ग्रीस पुसून, बऱ्याच वेळानं ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगावर पांढरं असं फक्त डोळ्यांतच उरलं होतं. त्यांनी आपल्या पिशवीतल्या कंपनीच्या जाड पुस्तकात नंबर शोधला आणि पडेल आवाजात वाचला, "चार सिलिंडर. तीन गिअर, स्टिअरिंगखाली. सीट तपकिरी." मग मान वर न करता म्हणाले, "वहिनी, चुकलो. हे दार दुसऱ्याच गाडीचं आहे."

काकू माझ्याकडे, दाराकडे बघत राहिल्या. एकदम त्यांचा हात तोंडावर गेला.

"अगं बाई! म्हणून रंगवलं होतं होय ह्यांनी! माझा हात लागतो म्हणे!" आणि त्या हसत सुटल्या. "पंधरा दिवस मला त्या खांबावरून बोलत होते रे! आणि स्वतः अख्खं दार घालवून बसले! शेजारणींना दाखवलं मी ते, एकेकीला बोलावून!" हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "सांगितलं असतं तर काय मी खाल्लं असतं?" असं म्हणत त्या दारावर हात ठेवून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

मुलानं खिशातून किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. "आई, चुकलं माझं."

काकूंनी किल्ली घेतली. पेंटरला सांगून माझे चारही रिव्हेट काढायला लावले आणि मला मुलाच्या हातात दिलं. "हा तुझ्या दुकानात ठेव. आईला आठवत नाही असं म्हणायच्या आधी एकदा हातात घेत जा."

दार त्याच कंपनीचं म्हणून कचेरीनं निळ्या गाडीला परवानगी दिली. काकूंचा बर्फ वेळेवर पोचतो असं ऐकतो. मी आता औषधांच्या दुकानात, गल्ल्याशेजारच्या खणात असतो, रबरी शिक्के आणि सुतळीच्या सोबतीला. माझी ती हिरवी गाडी या जगात नाही. तिच्याबद्दल मी खरं बोलतो, पण विचारायला कोणी नाही. याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू?

आतापर्यंत मुलानं मला पाच वेळा हातात घेतलं. चार वेळा आईचं बरोबर निघालं. पाचव्या वेळी चष्मा खरोखरच फ्रिजमध्ये होता. पण त्या वेळीही त्यानं आधी फोन लावला आणि विचारलं, "आई, तुला काय आठवतंय, ते सांग." मग दुकानात गिऱ्हाईक ताटकळत असतानाही तो ऐकत राहिला.