सलाईन न लावणारी डॉक्टरीण

पेठ वडगावात डॉक्टर विजयसिंह चौगुल्यांचा दवाखाना सलाईनसाठी नावाजलेला. कणकण आली, अंग मोडून आलं, की माणसं तिथं येऊन आडवी व्हायची. बाटली टांगलेली बघूनच निम्मा आजार पळायचा.

मुलगी निशिगंधा एमबीबीएस होऊन त्यांच्या खुर्चीवर बसली आणि तिची पहिली नजर गेली ती मागच्या अंगणात. रिकाम्या बाटल्या, नळ्या, पिशव्या यांचा ढीग दर आठवड्याला तिथं पेटवला जाई. काळा धूर थेट शेजारच्या शालूबाईंच्या स्वयंपाकघरात. शालूबाईंना दमा, आणि औषधाला त्या याच दवाखान्यात यायच्या.

"आबा, आपणच धूर करायचा आणि आपणच दम्याचं औषध द्यायचं?" तिनं विचारलं.

विजयसिंहांनी पेपर उघडून समोर धरला.

तिनं जाळणं बंद केलं. दवाखान्यांचा कचरा नेणारी गाडी दारात यायला लागली. छपरावर सोलर आणि बॅटरी बसली, लशींचा फ्रिज त्यावर चालू झाला. पण गावाला खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. गरज असल्याशिवाय ती सलाईन लावेना. जुलाबाचा पेशंट आला की टेबलावरचा तांब्या पुढं ओढायची आणि घरातल्या माणसाकडूनच साखर-मिठाचं पाणी करून घ्यायची. चमचा चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

"बाई, एक बाटली लावा की!" आकाराम पैलवान एकदा भडकला. "मी काय ल्हान पोरगं हाय व्हय, चमच्यानं पाणी प्यायला?"

"काका, तुमचं पोट चांगलं पाणी धरतंय. सुई कशाला टोचू?"

आकाराम उठला आणि समोरच्या दवाखान्यात गेला. त्याच्यामागं बरेच गेले. बाकडी रिकामी पडायला लागली.

"माझी हयात गेली हा दवाखाना उभा करण्यात," विजयसिंह एका दुपारी म्हणाले, "आणि तू लोकांना समोरचं दार दाखवतीयस."

तिला लागलं ते. जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशीही टेबलावर तांब्या होताच.

त्या वर्षी वारणा फुगली. काठच्या गावांतली माणसं ट्रॅक्टरमधून वडगावच्या शाळेत आली. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, औषधांच्या गाड्या पलीकडंच अडकल्या. वीज गेली. आणि शाळेत जुलाब-उलट्या सुरू झाल्या.

सगळ्यांना सलाईनच हवं होतं. समोरच्या दवाखान्यातला साठा बघता बघता संपला. मेडिकलच्या दुकानांतही काही उरलं नाही. निशिगंधाच्या कपाटात मात्र पेट्या होत्या, कारण वर्षभर त्या उगाच फोडल्याच नव्हत्या.

पेट्या घेऊन ती नर्स पूर्णिमाबरोबर शाळेत पोचली आणि दारातच थबकली. शाळेच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं. शेजारी निवलेल्या पाण्याच्या कळशा झाकून ठेवलेल्या. शिवणकाम करणारी मेहरुन्निसा पदर खोचून बायकांना दटावत होती, "लिटरला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ! सपाट चमचा, शीग न्हाय! माझ्या नातीला बाईंनी ह्यावरच बरं केलंय. पाजा, घोट घोट पाजा!"

तिच्या हाताखाली आणखी पाच-सहा जणी होत्या. सगळ्यांनी कधी ना कधी दवाखान्यातल्या टेबलावरच्या तांब्यात पाणी कालवलेलं होतं.

निशिगंधाला तिथंच बघत उभं राहावंसं वाटलं. पण थांबायला वेळ नव्हता. ती वर्गावर्गांतून फिरली. पिणाऱ्यांना पाणी, आणि ज्यांना पिणंच शक्य नव्हतं, त्यांना बाटली. एका कोपऱ्यात डोळे खोल गेलेलं बाळ आईच्या मांडीवर निपचित पडलं होतं. त्याची शीर सापडता सापडेना.

"सरक," मागून आवाज आला. विजयसिंह पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते. सारी हयात सुया टोचण्यात गेलेला हात. पहिल्याच टोचणीत शीर मिळाली. संध्याकाळपर्यंत बाळ रडायला लागलं, आणि त्या रडण्यानं अख्खा वर्ग हसला.

पाणी उतरल्यावर जिल्ह्याचं वैद्यकीय पथक आलं. प्रमुखांनी शाळा पाहिली, पातेली पाहिली, सोलरवर चालू राहिलेल्या फ्रिजमधल्या लशी तपासल्या.

"किती दगावले?"

"एकही न्हाय," मेहरुन्निसाच बोलली.

प्रमुख विजयसिंहांकडं वळले. "डॉक्टर, साठा जपून वापरलात. लोकांनाही छान तयार केलंत."

विजयसिंहांनी मान हलवली. "मी न्हाय. माझ्या हातात असतं तर ह्या पेट्या उन्हाळ्यातच संपल्या असत्या, आणि मागच्या अंगणात जळाल्या असत्या." त्यांनी निशिगंधाचा हात धरून तिला पुढं ओढलं. आवाज कोल्हापुरी, अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असा. "ही डॉक्टर निशिगंधा चौगुले. माझी पोरगी. हिचा दवाखाना हाय, आणि मी आता हिच्या हाताखाली काम करतोय."

निशिगंधानं बापाचा हात घट्ट धरला. व्हरांड्यातल्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या.