शेवटची रांग

त्या दुपारी अप्पांनी चंद्रमौलीच्या दुकानात तासभर काढला आणि घेतलं काहीच नाही.

महामहम तळ्याजवळच्या त्या दुकानात दोन डबे शेजारी शेजारी मांडले होते. एक खास कीबोर्डसाठी केलेला अँप्लिफायर, पोटात पंधरा इंची स्पीकर, उचलायला दोन माणसं. दुसरा बारा इंची, हलका. अँप्लिफायर त्याच्या आतच, हवा तर स्टँडवर चढवावा, हवा तर तिरपा पायाशी ठेवावा. अप्पा लग्नांत कीबोर्ड वाजवत; त्यांचा जुना डबा गेल्या लग्नात ऐन मुहूर्तावर घरघरून बंद पडला होता, म्हणून ही खरेदी.

"मोठाच घेऊ," अप्पा म्हणाले. "एकदा नादस्वर आणि तविलचा ढोल सुरू झाला की माझं मलाच ऐकू येत नाही. हा कसा मांडीला मांडी लावून बोलतो."

"आणि उचलणार कोण? तुमची पाठ?" शरण्या म्हणाली. ती चेन्नईहून चार दिवसांच्या रजेवर आली होती.

"तुला नाही उचलून अशाच डब्यावर बसवत होतो गे?"

"तेव्हा माझं वजन चौदा किलो होतं, अप्पा. ह्याचं तीस आहे."

घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर तमिळ ही त्यांच्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पण भांडण निघालं की बापलेक दुकानातही मराठीवर यायचे. चंद्रमौलीने काकुळतीने तमिळमध्ये विचारलं, "काय म्हणते ती?"

"तुझा माल फार वजनदार आहे म्हणते," अप्पांनी तमिळमध्ये सांगून टाकलं. मग कीबोर्डचं बटण बंद करत म्हणाले, "दुकानात सगळंच गोड वाजतं. उद्या मंडपात नेऊन ऐकू. शेवटच्या रांगेतून. तू आहेसच."

शेवटची रांग हे शरण्याचं लहानपणापासूनचं काम. कार्यक्रमाआधी रिकाम्या मंडपात अप्पा त्यांच्या आईचा मराठी पाळणा वाजवत. लग्नात तो कधीच वाजवला नाही. तिथे तो कुणाला ठाऊक असणार? शरण्या मागे जाऊन उभी राही. तळवा वर केला तर आवाज वाढवायचा, खाली केला तर कमी, मूठ मिटली की झालं. नंतर अप्पा विचारत, "कसं झालं गे?" ती म्हणे, "आवाज बरोबर होता." पुढे ती कॉलेजात साहित्य शिकवू लागली, दुसऱ्यांच्या कवितांवर तास तास बोलू लागली. अप्पांना उत्तर तेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा उठले नाहीत. झोपेतच गेले होते.

महिन्याभराने चंद्रमौलीचा फोन आला. दोन्ही डबे त्याने कुणाला दिले नव्हते. मेलकावेरीच्या मंडपातलं अप्पांनी कबूल केलेलं लग्न दोन दिवसांवर होतं, आणि ते त्यांच्या शिष्येने, मधुमिताने, त्यांच्याच कीबोर्डवर वाजवायचं ठरलं होतं. "कोणता ठेवायचा ते तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "तुमचे अप्पा तुमच्या कानावर सोडून गेले होते."

शरण्या मंडपात पोचली तेव्हा दोन्ही डबे मंचावर होते आणि मधुमिता तारा जोडत होती. शरण्या न सांगताच मागे चालत गेली. खुर्च्या अजून भिंतीशी रचून ठेवलेल्या होत्या, तरी शेवटची रांग कुठे येते ते तिच्या पायांना माहीत होतं.

"अक्का, मी वाजवू की अप्पांचंच लावू?" मधुमिताने विचारलं.

"अप्पांचं काय?"

"पाळणा. कीबोर्डच्या मेमरीत आहे ना. तुम्ही चेन्नईला गेल्यावर मागे उभं राहायला कुणी नव्हतं. मग ते वाजवून भरून ठेवायचे, बटण दाबायचे आणि तुरुतुरु चालत स्वतःच तिथे येऊन उभे राहायचे. तुम्ही आहात तिथेच."

"तू नाही उभी राहायचीस?"

"मी म्हटलं होतं. म्हणाले, ती जागा भरलेली आहे."

"अप्पांचंच लाव," शरण्या म्हणाली. तिने तळवा वर केला.

आधी मोठा डबा लागला. आवाज भरदार होता, पण मंडपाच्या मागच्या बाजूला येईपर्यंत खालचे सूर एकात एक मिसळून नुसते घुमत होते. मग मधुमिताने तार काढून लहान डब्याला लावली.

पाळणा पुन्हा सुरू झाला. मंचावर एकही पट्टी दबत नव्हती, आणि तरी ते अप्पाच होते. दुसऱ्या ओळीआधी जरासे थांबणारे, श्वास घ्यावा तसे. आता डावा हात सुटा सुटा ऐकू येत होता. उजवा हात पाळणा म्हणत असताना डावा खाली हळूहळू दोन पावलं जाई, दोन पावलं मागे येई. कुणीतरी दोरी ओढत होतं. इतकी वर्षं ती इथे उभी राहून फक्त मोठा की लहान एवढंच ऐकत आली होती.

"अक्का, आवाज?" मधुमिताने विचारलं.

शरण्याने मूठ मिटली. "हाच ठेवू," ती म्हणाली. "लहान."

मधुमिता बंद करायला वाकली.

"राहू दे. संपू दे."

शेवटचा सूर विरेपर्यंत ती उभी राहिली. मग रिकाम्या मंचाकडे बघत, मागच्या रांगेतून तिथवर पोचेल एवढ्या मोठ्याने, मराठीत म्हणाली,

"अप्पा, फार सुंदर वाजवता तुम्ही. मला नेहमीच आवडायचं."