बद्रीची तालीम

"आवं, पळताव कनाला? डोंगर काय उठून जानार हाय?"

वेणूचा आवाज खालच्या वळणावरून आला. दादूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. प्रबळच्या माचीची चढण, फाल्गुनातलं ऊन आणि डोक्यावर मिठाची पाटी. पाटी त्याने आपणहून घेतली होती. मोकळ्या अंगाने चढलो तर तालीम कसली, असं त्याचं म्हणणं. थोडं अंतर तो दुडक्या चालीने गेला आणि एका कातळाशी गपकन थांबला. तोंड उघडं, छाती भात्यासारखी वर-खाली, डोळ्यांपुढे काजवे. पाटी कलंडली आणि मीठ वाळल्या गवतात सांडलं.

वेणू मागून आली. पाय टाकायचा, जरा टेकायचा, मग दुसरा उचलायचा, अशी तिची चाल. माहेर नेऱ्याचं, याच डोंगराच्या पायथ्याचं. पोरवयात इथूनच तिने मोळ्या उतरवल्या होत्या. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग मिठाकडे.

"गुरांची चंगळ झाली."

"हसू नको."

"हसतंय कोन? बसा जरा."

"नाय बसायचा. बसलो का सवय मोडतं."

"लागली नाय ती मोडंल कशी?" असं म्हणून ती स्वतःच बसली.

मालूचं, त्यांच्या एकुलत्या लेकीचं, लग्न उरकलं की बद्रीनारायणाला जोडीने जायचं, हे ठरून बरीच वर्षं झाली होती. वेणूने पनवेल, नेरे आणि एकदा चिरनेर, याच्या पलीकडचा मुलूख पाहिला नव्हता. मालू गेल्या साली सासरी गेली, आणि गावातला काळूराम यंदा वैशाखात माणसं घेऊन निघणार होता. तो एकदा जाऊन आलेला. देवळापुढे बसून तो सगळ्यांना सांगे, "तिकडं डोंगरावर डोंगर ठेवल्याले. हवा पातळ, ताकात पानी ओतल्यावानी. कितीबी घ्या, छाती भरत नाय. आपन खाडीकाठची मानसं. आतापासून चढायची सवय करा. इडी सोडा. सुंठ, ओवा, कापूर गाठीला बांधा. वाटंत कोन बसला तर त्याला उचलाया कोन नाय."

दादूने विडी सोडली. थंडीची सवय व्हावी म्हणून माघात अंगणात उघडा झोपला आणि पडसं घेऊन बसला. सुट्टीच्या दिवशी डोंगर सुरू झाला. तिथेच सगळं अडलं.

मिठागरात जन्म गेलेल्या माणसाला एकच चाल ठाऊक असते. भरली पाटी डोक्यावर आली की थांबता येत नाही. बांध निसरडा, मागे दुसरा गडी उभा, आणि पाटीतून गळणारं खारं पाणी डोळ्यात उतरतं. म्हणून दम कोंडून पळत सुटायचं आणि राशीवर पाटी उलटी केली की दम सोडायचा. डोंगर म्हणजे उभा केलेला बांध, एवढंच दादूला कळलं होतं.

"आता माज्या मागून चला," वेणू उठत म्हणाली. "माजा पाय उचलला का तुमचा उचला."

"बायकोच्या मागून?"

"इथं हाय कोन बघाया?"

होतं. वरून कातकरणी मोळ्या घेऊन उतरत होत्या. त्यांतली बुधी वेणूच्या ओळखीची. ती वाटेतच थांबली.

"काय वेणूबाई, नवरा कुठं बाजारात नेतेस का?"

"बद्रीला नेतंय. आधी माचीला पोचला तर."

बायका हसत उतरून गेल्या. दादूचे कान तापले. तरी तो मागून चालू लागला. पाय काही ऐकेनात. तिच्या टाचेवर तीनदा पाय पडला. मग हळूहळू चाल जमली; पण दम जमेना. इतकं सावकाश चालूनही छातीत कुणीतरी दोरी आवळावी तसं झालं, डावा हात जड पडला. वेणूने मागे वळून पाहिलं तर त्याचे ओठ जांभळे झाले होते.

त्या दिवशी ते अर्ध्यातूनच उतरले. दुसऱ्या दिवशी ती त्याला पनवेलात डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी पुढून-मागून नळी लावली. बराच वेळ लावली.

"इथं काम करता तेही बेताने करा. हृदय थकलंय तुमचं. बद्रीचं मनातून काढून टाका."

"तालीम चालू हाय साहेब. अजून म्हयना हाय."

"तालमीने हे सुधारणार नाही, बिघडेल. निरोगी माणसाने दर टप्प्यावर मुक्काम करत चढायचं असतं. तुम्ही चढायचंच नाही."

"वर काय झाला तर त्याला औषध असंल ना?"

"खाली उतरणं, एवढंच. आणि तिथून उतरायला दिवस लागतात."

घरी येताच दादू ओटीवर टेकला आणि म्हणाला, "कोनी जायाचा नाय. संपला."

"बरं," वेणू म्हणाली.

तिने भांडावं, रडावं, असं त्याला वाटत होतं. ती आत गेली, यात्रेसाठी बांधलेलं गाठोडं सोडलं आणि सुंठ, ओवा चुलीजवळच्या डब्यांत ओतला. कापूर देवापाशी ठेवला. रात्री माशाच्या कालवणाबरोबर ओवा घातलेली भाकरी आली. दादूने ताट सरकवलं.

"ह्यो ओवा कनाला घातला?"

"मंग ठेवून काय करू?"

दुसऱ्या दिवशी ओवा. तिसऱ्या दिवशीही. मिठागरात दादू कुणावरही खेकसू लागला. सोबतचा चांगो म्हणाला, "इडी परत धर बाबा, आमी जीव घेऊन पळतो." दादू हसला नाही. राग वेणूवर नव्हता, डॉक्टरवर नव्हता. ज्या छातीने जन्मभर पाट्या ओढल्या, ती एका चढणीला पुरेना, आणि तिला शिवी तरी कशी द्यायची?

चैत्र सरताना तो काळूरामच्या घरी गेला.

"एक नाव लिव. वेणूचा."

"आनि तू?"

"मी नाय."

"जोडीनं जानार बोलला होतास. बाईमानूस एकली?"

"गोदूबाई बी येतंय ना यात्रेला, तिची संगत हाय. आनि चढायचा म्हनशील तर तुज्यापेक्षा ती बरी चढतं. तिच्या मागून चाललोय मी. मना ठावं."

घरी सांगितलं तेव्हा वेणू डाळ पाखडत होती. सूप थांबलं.

"मी जानार नाय."

"मंग ओवा खात बसू दोघां जन्मभर?"

तिने मान वर केली नाही. सूपही लवकर हललं नाही. पण त्या रात्रीची भाकरी साधी होती.

वैशाखात एस.टी. स्टँडवर सारा गाव लोटला. पनवेलला तेव्हा अजून रेल्वे आली नव्हती; ठाण्यापर्यंत एस.टी., तिथून आगगाडी. बद्रीला निघालेलं माणूस परत दिसेल न दिसेल, म्हणून लहानथोर सगळे यात्रेकरूंच्या पाया पडतात. तिथे वय पाहत नाहीत, नातं पाहत नाहीत. मालू पडली, चांगो पडला. रांग सरकत आली आणि वेणूपुढे दादू उभा राहिला.

"तुमी नको," ती मागे सरली.

"रीत हाय," तो म्हणाला.

तो वाकला. तिच्या पायांना हात लावला. उठताना मात्र दम अडकला. एक हात गुडघ्यावर ठेवून तो तसाच अर्धा वाकलेला राहिला. वेणूने त्याच्या पाठीवर तळवा ठेवला. गाडीचं इंजिन सुरू झालं होतं. कंडक्टरने घंटी मारली, काळूरामने खिडकीतून दोनदा हाक दिली.

वेणू जागची हलली नाही. त्याचा श्वास एका लयीत लागेपर्यंत ती उभी राहिली, आणि मग सावकाश गाडीकडे निघाली.